रेषेच्या अलीकडचं औक्षण

आधी हातातला चहा संपवा, मग सांगते. माझा हा पराक्रम ऐकताना आमच्या सोफ्यावर दोनदा चहा सांडलाय.

आमची मुग्धा मिनेसोटात असते. नोकरी कॉम्प्युटरचीच, पण हिवाळा आला की दहा कुत्री घसरगाडीला जुंपून बर्फात तीनशे मैलांच्या शर्यतीला निघते. गेल्या वर्षी अर्ध्यातून परतली आणि दोन महिने त्या विषयावर बोलली नाही. म्हणून यंदा मी नवस बोलले, पोरीनं शर्यतीची शेवटची रेषा ओलांडेपर्यंत भात खाणार नाही. इथे नॉर्थ कॅरोलायनात, आमच्या कॅरी गावातल्या मुली विचारायच्या, "काकू, कीटो डाएट करताय का?"

शर्यतीच्या आधी महिनाभर मी आणि हे तिच्याकडे राहायला गेलो. रोज सरावाहून गाडी परतली की मी फाटकाबाहेर ताट घेऊन उभी. दमून आलेल्या जिवाला ओवाळल्याशिवाय आत कसं घ्यायचं? दहाही जणांना कुंकवाचं बोट, निरांजन आणि तूप लावलेली पोळी. सगळ्यांत पुढे धावणारी ढमी तर ताट दिसताच आपणहून बसायची.

"बघ, किती संस्कारी आहे," मी म्हणायचे.

"आई, ती संस्कारी नाही, हावरट आहे."

शर्यतीचे नियम मुग्धानं मला नीट समजावले होते. शेवटच्या दिवशी दुपारी बाराच्या आत पोचायचं, आणि बाहेरच्या कुणी गाडीला मदत केली तर बाद. मी कशाला मदत करतेय? मी फक्त ओवाळणार होते.

त्या शेवटच्या दिवशी पावणेबाराला झाडांतून गाडी दिसली. पोरगी पार वाळली होती, पण उभी होती. मी डोळे पुसले, निरांजन लावलं आणि रेषेच्या दहा पावलं अलीकडे जाऊन उभी राहिले. अलीकडे का? अहो, औक्षण उंबरठ्याबाहेरच करतात ना.

ढमीनं मला पाहिलं आणि ती बसली. मागची नऊही बसली. त्यांच्या हिशेबी घर आलं होतं.

"चल ढमी, चल बाई," मुग्धा विनवत होती. ढमी माझ्याकडे बघून शेपटी हलवत होती.

"आई, ताट लपव!"

मी निरांजन विझवून ताट जाकिटात कोंबलं. पण तुपाचा वास कसा लपणार?

पंच धावत आले. "मॅडम, कुत्र्यांना हात लावू नका. हाक मारू नका. गाडी बाद होईल."

तीनशे मैल कापून आलेली माझी लेक दहा पावलांवर अडकली होती, आणि अडवणारी मी. मला रडूच फुटलं.

"अगं, रडतेस काय, आधी तिथून निघ," हे गर्दीतून ओरडले.

निघू कुठून? दोन्ही बाजूंना कमरेइतका बर्फ. मोकळी वाट एकच, रेषेकडची. मग काय, साडी वर खोचली आणि पळाले. लग्नानंतर पहिल्यांदा पळाले असेन. मागून दहा कुत्री, त्यांच्यामागे गाडी, गाडीवर मुग्धा. लोकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आम्ही सगळे मिळून रेषेपलीकडे गेलो तेव्हा बाराला चार मिनिटं कमी होती.

मुग्धा माझ्या गळ्यात पडून हसत होती की रडत होती, देव जाणे. ढमी माझ्या जाकिटात तोंड घालून पोळ्या संपवत होती.

पण पंचांची बैठक बसली. मी वाट दाखवली, ही मदत झाली की नाही? अर्धा तास मी देवाचं नाव घेत बाहेर उभी. अखेर निकाल आला. गाडी पात्र! त्या दिवशी हॉटेलात दोन वाट्या भात खाल्ला, नुसता.

निकालाचा कागद मुग्धानं फ्रेम करून आमच्या दिवाणखान्यात लावलाय. आलेला प्रत्येक पाहुणा तो मोठ्यानं वाचतो: "सदर महिला कुत्र्यांना वाट दाखवत नव्हती. ती कुत्र्यांना घाबरून पळत होती, असे पंचांचे एकमत आहे."