दत्तूकाकांनी लिहिलेलं मरण

आमचे दत्तूकाका, म्हणजे दत्तात्रय गोविंद पांढरीपांडे, भित्रे होते. सख्खी पुतणी असून मी हे उघड सांगते, कारण रामदासपेठेतल्या आमच्या गल्लीत ते शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. दाराला तीन कड्या. बाहेर जीप थांबली की काका मागच्या खोलीत. परदेशी तिकिटाचं पाकीट आलं तर ते मी फोडायचं, वाचायचं आणि "तुमच्याबद्दल काही नाही" असं म्हणायचं. मगच ते चहाला हात लावायचे. मला याचा भारी वैताग यायचा.

तरुणपणी ते केनियात नोकरीला गेले होते. सगळ्यांच्या वर इंग्रज गव्हर्नर, त्याच्या हाताखाली प्रांतांचे कमिशनर, त्यांच्या खाली जिल्ह्यांचे साहेब आणि सगळ्यांत तळाला, टाइपरायटरपुढे, आमचे काका. गव्हर्नर दौऱ्यावर आला की कचेरीच्या पायऱ्या तीनतीनदा धुतल्या जात, बँड वाजे, त्याच्या टोपीतली पांढरी पिसं वाऱ्यावर हलत. हे सगळं काका फार रंगवून सांगत. पण "काका, तिथे लोक उठले, सरकारनं त्यांना डांबायला छावण्या उघडल्या, तेव्हा तुम्ही कुठे होता?" असं विचारलं की त्यांचा आवाजच बसे. "तुले काय करायचं आहे, तारा?" म्हणून विषय संपवत.

केनिया स्वतंत्र झाला आणि १९६४ साली ते नागपूरला परतले. काकू तिकडेच वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. पुढे माझे आईवडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. मी शाळेत शिकवत होते आणि लग्नाच्या भानगडीत पडले नव्हते.

१९७३च्या दिवाळीनंतरची गोष्ट. शेजारचे रुपराव शेतकी कॉलेजात शिपाई होते. एका रविवारी सकाळी ते एका उंच, काळ्याभोर तरुणाला घेऊन दारात उभे.

"काका, हा पोरगा तुमच्याच मुलकातला हाय! मुचिरी नाव त्याचं. म्हने तिकडची भाषा बोलनारं कोनी हाय का? म्हटलं, हाय ना!"

काकांचा चेहरा पांढरा पडला. पण मुचिरी वाकून स्वाहिलीत काहीतरी म्हणाला आणि काका हसले. अर्धा तास दोघं त्या भाषेत बोलत होते. काकांना इतकं मोकळं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी कोथिंबिरीची सांबारवडी तळून आणली. शेतकी कॉलेजातल्या तीन वर्षांत मुचिरीनं मेसमध्ये आपली बोली चांगलीच उचलली होती. माझ्याशी तो तीच बोलला.

"ताई, माझा बाप छावणीत मेला. मी तीन वर्षांचा होतो. स्वातंत्र्यानंतर सरकारकडून एवढा एकच कागद भेटला."

त्यानं खिशातून प्लॅस्टिकमध्ये जपलेला कागद काढला. इंग्रजीत टाइप केलेला, १९५४ सालचा. कैदी मलेरियानं आजारी पडला, त्याच्यावर उपचार झाले, ‘मला आईला शेवटचं भेटायचं आहे, तिला बोलवा’ असं तो सारखं म्हणत होता, शांतपणे गेला, मिशनच्या कबरस्तानात पुरला. वर साहेबाची सही. खाली डाव्या कोपऱ्यात टाइप करणाऱ्याची तीन अक्षरं, डी. जी. पी.

"अय्या, काका, ही तर..." मी बोलून गेले आणि टेबलाखाली काकांनी माझ्या पायावर पाय दिला. इतक्या जोरात की डोळ्यांत पाणी आलं.

"तुम्ही त्याच जिल्ह्यात होते ना, काका?" मुचिरीनं शांतपणे विचारलं. "माझ्या बापाले कोणी पाहिलं होतं का मरताना?"

"मी पाहिलं होतं," काका म्हणाले. "दवाखान्यात."

तो गेल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. तेव्हा तीन कड्या लावून, खिडकी बंद करून काकांनी मला खरं सांगितलं. मलेरिया वगैरे काही नव्हतं. खड्डे खणायला नकार दिला म्हणून छावणीच्या पहारेकऱ्यांनी मुचिरीच्या बापासकट सात कैद्यांना मरेपर्यंत मारलं. तो खरा अहवाल काकांनीच टाइप केला होता. नऊ वर्षांनी इंग्रज जायला निघाले तेव्हा वरून हुकूम आला, की सरकारची लाज निघेल असे कागद नव्या सरकारच्या हाती पडता कामा नयेत. कचेरीच्या आवारात पिंपात फायली जाळल्या आणि त्यांच्या जागी जुन्या तारखा टाकून निरुपद्रवी खोटी पानं घातली. या कामाला हिंदी माणूस लावायचा नाही असाही हुकूम होता, पण साहेबाला टाइप करता येत नव्हतं. त्यानं काकांना शपथ घ्यायला लावली आणि सांगितलं, बोललास तर जगात कुठेही असलास तरी आमचे लोक तुला शोधून काढतील.

"आणि तुम्ही खाली आपली अक्षरं टाकलीत?"

"सवय, तारा. सतरा वर्षांची सवय. हात आपोआप गेला."

मी रागावणार होते, पण ते उठून पुन्हा तिन्ही कड्या तपासून आले. त्या दिवशी पहिल्यांदा मलाही भीती वाटली. या पोराला कळलं तर?

पुढच्या रविवारी मुचिरी परत आला. त्याच्या पुढच्याही. बापानं दवाखान्यात काय खाल्लं? अंगावर घोंगडी होती का? काका उत्तरं रचत गेले. घोंगडी तपकिरी होती, मक्याची पेज दिली होती. मुचिरी ऐकून घ्यायचा, जाताना त्यांच्या पाया पडायचा. तो वाकला की काका डोळे मिटून घ्यायचे. शनिवारपासूनच त्यांचं जेवण सुटायचं. मी त्याला येऊ नको म्हणून सांगू का, असं विचारलं तर म्हणाले, "नको वं. त्याले शंका येईन."

एप्रिलात त्याची परीक्षा संपली. परत जाण्याआधीच्या रविवारी तो आला, तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि काका घामानं भिजले होते.

"काका, घरी पोचलो की पहिलं काम बापाची हाडं गावी नेईन. मिशनच्या कबरस्तानात कोणत्या बाजूले पुरलं ते कागदावर काढून द्या."

त्यानं पेन्सिल पुढे केली. काकांनी ती घेतली नाही. मी त्यांच्याकडे पाहत होते. आता एक रेघ ओढली की हा पोरगा कुणा परक्याची हाडं खांद्यावर घेऊन घरी जाणार होता. आणि नाही ओढली, तर खरं बाहेर पडेल या ज्या भीतीनं दहा वर्षं दाराला कड्या लागत होत्या, ते घरातच घडणार होतं.

"तिथं खोदू नको," काका म्हणाले. "तिथं तुझा बाप नाही."

"माहीत आहे," मुचिरी म्हणाला.

माझ्या हातातला पेला खाली ठेवायचंही मला सुचेना.

"माझ्या बापाले जन्म देतानाच त्याची आई मेली होती. तो कोणत्या आईले बोलावीन? आमच्या घरी सगळ्यांले कळलं, का कागद खोटा आहे. तिथल्या हिंदी दुकानदारांले विचारलं, डी. जी. पी. कोण? ते म्हणाले, पांडेबाबू, नागपूरले गेला. म्हणून मी शिकाले नागपूरच मागितलं. तीन वर्षं शोधलं तुमाले."

"मग इतके रविवार काहून आला, बापा?"

"तुम्ही सांगान म्हणून."

काका रडू लागले. "मलेरिया साहेबानं सांगितला होता. आईचं मी टाकलं, माझ्या मनानं. माणूस मरताना आणखी कोणाले बोलावते रे?"

मुचिरीचा जबडा घट्ट आवळलेला होता. तो उठून मारेल असं मला क्षणभर खरंच वाटलं आणि मी दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. त्यानं मला हातानं हळूच बाजूला केलं आणि वही उघडली.

"कुठं?"

काकांनी दाराकडे पाहिलं. मग सांगितलं. छावणीच्या उत्तरेला चुन्याची भट्टी, तिच्यामागे, ओढ्याच्या अलीकडे. सातही जण एकाच खड्ड्यात.

"बाकीचे सहा कोण?"

मला वाटलं, वीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार? पण काकांनी सहा नावं सांगितली. प्रत्येकाच्या बापाचं नाव, प्रत्येकाचं गाव. कुठेही अडखळले नाहीत. मुचिरीचं लिहून होईपर्यंत थांबत आणि पुढचं नाव घेत. शेवटचं नाव झाल्यावर मी त्यांना खांद्याला धरून खुर्चीत बसवलं.

"यांच्याही घरी जाजो," ते म्हणाले. "आणि कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर माझं पुरं नाव सांगजो."