न घेतलेलं नाव

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी रेडिओ केंद्रात पुढच्या आठवड्याच्या कार्यक्रमांचा तक्ता पूर्ण करत बसले होते. फोनवर त्यांची मुलगी वैशाली होती, माहेरी आलेली. "आत्या, भाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली. मी तिला म्हटलं, येते मी, तोवर तू आईजवळ बस. मग कोरा कागद ओढला आणि कोणाकोणाला कळवायचं ती नावं लिहायला घेतली. असल्या कामाला मला वेळ लागत नाही, त्या दिवशी मात्र लागला. ढोलकीवाले, बँजो पार्टीवाले, भजनी मंडळं, जत्रेत गाणारे, स्वतःच्या कॅसेटी काढून स्वतःच विकणारी पोरं, लग्नातल्या बँडचे मास्तर... भाऊंचं गोत जळगावपासून धुळ्यापर्यंत पसरलेलं होतं, त्यात नातलग थोडेच होते आणि निम्म्यांकडे फोन नव्हता. शेवटी मी धुळ्याच्या बँडवाल्या रशीदभाईंना त्यांच्या शेजारच्या दुकानातल्या फोनवर बोलावून घेतलं. बाकीच्यांना त्यांनीच कळवलं.

दिगंबरभाऊ आमच्या केंद्रावर निवेदक होते. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी कार्यालयात रुजू झाले तेव्हा त्यांचा 'कानावर आलेलं' हा रविवार सकाळचा कार्यक्रम नुकताच सुरू झाला होता. त्या आठवड्यात नवीन काय ऐकलं, एवढंच ते त्यात सांगायचे. नवी रेकॉर्ड आली असेल तर ती वाजवायचे, पण बराचसा वेळ आसपासच्या गावांत प्रत्यक्ष ऐकलेल्या गाण्या-बजावण्यावर जायचा. सोनगीरला एका वरातीत वाजलेला बँजो, मुक्ताईनगरच्या यात्रेत ऐकलेली एक म्हातारी, धुळ्यातल्या दोन भावांनी अहिराणीत केलेली कॅसेट. एकदा मी त्यांना विचारलं होतं की यात्रेतली म्हातारी नवीन कशी? ती तर जन्मभर गाते आहे. ते म्हणाले, "मी कालपर्यंत ऐकलं नव्हतं ना ताई, मग मला नवीनच की." वयानं मी त्यांच्याहून बरीच लहान, तरी ते मला शालूताई म्हणत आणि वहिनींच्या घरात मी त्यांची बहीण म्हणूनच वावरले.

माझं काम नावांचं होतं. कोण गायलं, ढोलकीला कोण, पेटीला कोण, हे सगळं शनिवारपर्यंत पक्कं करून त्यांना द्यायचं. नाव चुकलेलं त्यांना चालत नसे. गायकाचं तर नाहीच, पण झांज वाजवणाऱ्याचंही नाही. "त्याची बायको रेडिओ लावून बसलेली असते," असं म्हणायचे. आणि ते खरंच होतं. बँडवाले, मंडळवाले रविवारी चहाच्या टपरीवर ट्रान्झिस्टर मधे ठेवून बसत. कारण भाऊ कोणाला नावं ठेवत नसत. जे मनाला भिडलं त्याबद्दल बोलत, बाकीच्यांचं नाव घेतच नसत. त्यामुळे पंचक्रोशीत रीतच पडून गेली होती. 'भाऊंनी नाव घेतलं' म्हणजे पुढच्या लग्नसराईची काळजी मिटली, आणि 'नाव नाही घेतलं' म्हणजे लोक समजून जात. रशीदभाईंचा बँड एकदा असाच राहून गेला. पुढच्या आठवड्यात ते क्लॅरिनेटची पेटी काखेत मारून केंद्राच्या दारात उभे. "साहब, आप तो चुप रह के निकल गए, इधर मेरे घर में सास तक पूछ रही है कि क्या बेसुरा बजाया!" भाऊ एवढे हसले की पहारेकरी बघायला आला. दुसऱ्या एका ढोलकीवाल्यानं तर आपलंच नाव का वगळलं म्हणून एस.टी. स्टँडवरच गाठलं होतं. "भाऊ, बठ्ठास्नं नाव लिधं, मन्हं काबर नही?" भाऊही त्याच्याच बोलीत म्हणाले, "पुढला साल परत ऐकाले येसू." आणि खरंच गेले. रेडिओ ऐकणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ज्यांचं नाव राहिलं, त्यांच्याकडे ते न चुकता परत जात. कधी मलाही बरोबर नेत... उन्हातान्हात एस.टी.तून, मग पायी, मग कोणाच्या तरी ओट्यावर वाट बघत. मी दमून जायची. ते दमत नसत, निदान तेव्हा तरी.

यापुढचं वैशालीला विचारून लिहिते आहे. तिनं हरकत घेतली नाही.

वैशाली लहानपणापासून गायची. भाऊंच्या आईकडून तिनं हळदीची गाणी घेतली होती, पुढे गाण्याच्या बाईंकडे रीतसर शिकली. वडील केंद्रावर, म्हणून तिनं रेडिओसाठी अर्ज कधी केला नाही. तिच्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात धुळ्याला एका मैदानावर मोठा कार्यक्रम झाला. चार-पाच गाणारे, एक वाद्यवृंद आणि क्लॅरिनेटला रशीदभाई. वैशालीला त्यात गायची संधी रशीदभाईंनीच मिळवून दिली. तिनं आधी एक भावगीत म्हटलं आणि मग आजीचं हळदीचं गाणं घेतलं. घरातल्या बायका जात्याजवळ बसून म्हणतात ते गाणं, तबला आणि क्लॅरिनेटसह, धुळ्याच्या मैदानावर! लोक आधी हसले, मग गप्प झाले, आणि शेवटी पुढच्या रांगेतल्या बायकाच तिच्याबरोबर म्हणू लागल्या. भाऊ माझ्या शेजारी मागच्या खुर्चीवर होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. कोणत्याच कार्यक्रमात ते वाजवत नसत. डोळे मिटून बसले होते.

तो रविवार मला नीट आठवतो. कार्यक्रम थेट जायचा. मी काचेच्या अलीकडे उभी होते आणि मी माझ्या हातानं दिलेला नावांचा कागद त्यांच्या पुढ्यात होता. त्यात वैशालीचं नाव होतं. भाऊ धुळ्याच्या कार्यक्रमावर बोलले. ध्वनिव्यवस्थेबद्दल बोलले, तबलजीबद्दल बोलले. मग म्हणाले, हळदीच्या गाण्यात क्लॅरिनेट इतकं हळू वाजू शकतं हे रशीद मास्तरांनी दाखवलं, लग्नघरातला पहाटेचा गारवा त्यात होता... आणि थांबले. मला वाटलं, आता. त्यांनी कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि श्रोत्यांचा निरोप घेतला.

घरी वैशाली स्वयंपाकघरात तांदूळ निवडत रेडिओ ऐकत होती. वहिनींनी नंतर मला सांगितलं, की तिनं उठून रेडिओ बंद केला, परत बसली आणि तांदूळ निवडून संपवले. भाऊ घरी आल्यावर त्यांना ताट वाढलं, तेही नेहमीसारखंच.

रशीदभाई मात्र दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून आले. या वेळी हसणं नव्हतं. "मेरा नाम लिया, बच्ची का नहीं. तो मैं किसके पीछे बजा रहा था साहब, हवा के?" भाऊंनी त्यांना चहा पाजला. संध्याकाळी घरी जाताना मी न राहवून तोच प्रश्न विचारला.

"घरच्या माणसाचं नाव हवेवर कसं घ्यायचं, ताई?" ते म्हणाले.

"मग घरी सांगा. जेवताना सांगा."

"घरी सांगितलं तर बाप बोलतोय असं वाटेल तिला. बाप चांगलंच म्हणतो."

"पण होतं कसं? ते तरी मला सांगा."

चालता चालता ते म्हणाले, "पहिलं कडवं घाईत गेलं. दुसऱ्यात तिला श्वास सापडला. तिथून पुढे मला माझी आई ऐकू आली. आता ती आई होती म्हणून मला आवडलं, की गाणं चांगलं झालं म्हणून आवडलं... हे मला ठरवता येईना, ताई. दुसऱ्याची पोर असती तर आलं असतं." मी म्हटलं, हे असंच्या असं तिला सांगा, एवढं पुरे आहे. ते म्हणाले, "सांगेन. तुम्ही नका सांगू. मीच सांगेन."

ते काम त्यांनी अंगावर घेतलं, म्हणून माझ्या दृष्टीनं ते मार्गी लागलं.

वैशाली लग्न होऊन चोपड्याला गेली. केळीचा मळा, मोठं घर, दोन मुलं. मंचावर ती पुन्हा उभी राहिली नाही. चौकशी केली की म्हणायची, "कुठे वेळ आहे आत्या," आणि आम्हीही ते खरं धरलं. इकडे भाऊ थकत चालले. कॅसेटींचा पूर आला, मागाहून वरातींमध्ये भिंतीएवढे स्पीकर आले, बँडवाल्यांची कामं कमी झाली. ते पूर्वीसारखेच जात, ऐकत. पण परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून बसून राहत. "सगळं ऐकायचं म्हटलं तर माणूस पुरत नाही," असं एकदा म्हणाले. निवृत्त झाल्यावर कार्यक्रम बंद झाला. त्यानंतर रविवारी सकाळी ते पुढच्या खोलीत नुसते बसायचे. मी गेले तर विचारायचे, काय नवीन? मी सांगायची. ते मान डोलवायचे.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मी आणि वैशाली त्यांच्या खोलीतल्या कॅसेटी लावत बसलो होतो. गाववार लावायच्या, असं मी ठरवलं होतं. वहिनी आत निजल्या होत्या. वैशाली एकदम म्हणाली, "आत्या, तुम्ही धुळ्याला होतात. मी बेसूर झाले होते ना?"

माझ्या हातातलं काम थांबलं. "भाऊ तुझ्याशी बोलले नाहीत त्याबद्दल?"

"कधीच नाही. दर वेळी माहेरी आले की वाटायचं, आज बोलतील. मी इथे, ते तिथे खुर्चीत. चोपड्याच्या केळीबद्दल विचारायचे."

मग मी तिला सगळं सांगितलं. पहिलं कडवं, श्वास, आजी, आणि दुसऱ्याची पोर असती तर, हेही. जसं ऐकलं होतं तसं, त्यात माझं काही न घालता. ऐकताना ती एका कॅसेटचं झाकण उघडत होती, लावत होती. "एवढंच?" ती म्हणाली. "एवढं सांगायला काय झालं होतं त्यांना? मी स्वयंपाकघरातसुद्धा गात नाही आत्या, इतकी वर्षं. मुलांना अंगाई म्हटली नाही मी." मग रडली. मी तिला रडू दिलं. सांत्वनाचं मला जमत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझ्यात तेवढं बळही उरलं नव्हतं.

थोड्या वेळानं तिनं तोंड धुतलं आणि येऊन भाऊंच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. मला म्हणाली, "तुम्ही बसा तिथे." मी नको म्हणत होते, पण तिनं हाताला धरून बसवलं. "मी म्हणते ते हळदीचं. आवडलं नाही तर भाऊंसारखं गप्प बसा. मी समजेन."

"गप्प बसणार नाही," मी म्हटलं. "जे असेल ते सांगेन."

ती गायली. इतक्या वर्षांत न वापरलेला आवाज, वर जाताना फाटत होता. आत वहिनी जाग्या झाल्याचं मला कळलं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. दुसऱ्या कडव्यात भाऊ म्हणाले होते ती जागा आली. काय ऐकू आलं असेल त्यांना, ते मला कळलं, जरी त्यांची आई मी पाहिलेली नाही. गाणं संपलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"दुसरं कडवं फार चांगलं," मी लगेच म्हटलं. "पहिलं अजून घाईत जातं."

वैशालीनं मान हलवली, पदरानं डोळे पुसले.

"मग परत म्हणते," ती म्हणाली.