खाऱ्या पाण्याची चव

“जीभ खोटं बोलत नाही, बापू,” असं मला म्हणत बुवा आपल्या तळ्यात बोट बुडवायचे, जिभेवर ठेवायचे आणि डोळे मिटून विचारायचे, “समुद्र असाच लागते का?”

समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. तेल्हाऱ्याच्या अलीकडच्या खारपाणपट्ट्यात त्यांचं शेत. तिथं बोअर मारली की खारंच पाणी लागतं. ते पिकाला चालत नाही आणि पिणाऱ्याची किडनी खातं. त्यांची बायको तशीच गेली. ती गेल्यावर त्यांनी शेतात तळं खोदलं, त्यात बोअरचं पाणी भरलं आणि झिंग्यांचं, म्हणजे कोळंबीचं, बी सोडलं.

“माह्या घरचं माणूस नेलं या पाण्यानं,” ते म्हणायचे. “आता यानं काहीतरी वापस देल्लं पाह्यजे.”

गळ्यात तुळशीची माळ. दर एकादशीला उपास. गाव टोमणे मारायचं, “माळ घालून झिंगे पाळून राह्यले, बुवा?” ते शांतपणे म्हणायचे, “मी खात नाही. खाऊ घालतो.”

एकादशीला झिंग्यांनाही उपास असायचा. मी हसलो, तर म्हणाले, “घरात राह्यतात, मग घरचा नेम पाळतीन.” पुढं एका जाणत्या माणसानं मला सांगितलं, की एकादशीनंतर चार-पाच दिवसांनी अमावास्या-पौर्णिमा येते, त्या सुमाराला झिंगे कात टाकतात, तेव्हा खाद्य कमीच द्यावं. मी त्यांना तसं कळवलं. त्यावर महिनाभर तोऱ्यात होते.

आमची ओळख पत्रकामुळे झाली. अकोल्याच्या जुन्या शहरात एक दुकानदार झिंग्यांच्या खाद्यात मिसळायची पावडर विकायचा. लसूण, यीस्ट आणि पोटाला उपकारक जिवाणू, असं काहीबाही त्यात होतं. वाढ चांगली होते, रोगाशी लढायची ताकद येते. तिचं मराठी पत्रक मी लिहिलं होतं. मोर्च्यांची पत्रकं वाचत मी वाढलो, पुढं ती लिहूही लागलो. छापलेल्या ओळीवर माणूस किती विसंबतो, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती.

ते वाचून त्यांनी दुकानदाराकडून माझा नंबर घेतला होता; ते पत्रक त्यांनी शेडच्या भिंतीला भाताच्या शितांनी चिकटवलं होतं. त्यातली एक ओळ ते येणाऱ्याजाणाऱ्याला बोट ठेवून वाचून दाखवायचे: “सर्व प्रकारच्या खाऱ्या पाण्यात उपयुक्त.” मग म्हणायचे, “आन् आपलं तं खारंच हाये!”

पावडरीला ते मसाला म्हणत. सावलीत ताडपत्री पसरायची, त्यावर खाद्याच्या गोळ्या, वरून मसाला, मग गुळाच्या पाण्याचा हबका. लोणच्याला हात लावावा तसा अलगद हात. दोन तासांनी, थोडं खाद्य ठेवून बुडवलेला जाळीचा ट्रे पाण्याबाहेर काढून बघायचे. रिकामा असला की मला फोन. “पंगत उठली, बापू! पानात शीत नाही ठेवलं लेकांनी.”

तुम्हीही असा फोन करणारा माणूस पाहिला असेल. त्याच्या आनंदाला कोणीतरी साक्षीदार लागतो.

मग एका अमावास्येनंतर सकाळीच फोन आला. “लवकर ये, बापू.” मी गेलो. झिंग्यांनी कात टाकली होती, पण नवं कवच धरलंच नव्हतं. मऊ, पांढुरकी अंगं पेटका आल्यासारखी वाकडी होऊन काठाला लागली होती. ते गुडघाभर पाण्यात उभे राहून मसाला लावलेलं खाद्य टाकत होते. “खा रे,” म्हणत होते, “खा ना, माय.”

आम्ही दोघांनी अकोल्याला नेऊन पाणी तपासून घेतलं. तपासणारा म्हणाला, “मीठ आहे, पण समुद्रासारखं नाही. यात पोटॅशियम जवळजवळ नाहीच, आणि त्याशिवाय कात टाकलेला झिंगा तगत नाही. ते आधी भरून काढायला हवं होतं. नुसती पावडर काय करणार?”

मला हे नवं नव्हतं. दुकानदारानं दिलेल्या मूळ कागदावर अगदी तळाला बारीक अक्षरांत तेच लिहिलं होतं: जमिनीतल्या खाऱ्या पाण्यात आधी पोटॅशियम तपासा. दुकानदार म्हणाला होता, “इतकं वाचलं तर घेईन कोण? काढ ते. सर्व प्रकारच्या खाऱ्या पाण्यात, असं टाक.” मी टाकलं. ज्या हातानं दुसऱ्यांच्या लबाडीवर पत्रकं लिहिली, त्याच हातानं.

परत येताना मी त्यांना सगळं सांगितलं.

“कावून?” का केलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

मग म्हणाले, “तू तं मोर्च्याचे कागद लिवते ना बे?” ते मला ‘बापू’ सोडून ‘बे’ पहिल्यांदाच म्हणाले होते.

त्यांनी पुन्हा बी सोडलं नाही. पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचेच पाय सुजू लागले. तेही जन्मभर तेच पाणी प्यायले होते. मी भेटायला गेलो तेव्हा अकोल्याच्या दवाखान्यात डायलिसिसच्या खाटेवर होते. हाताला नळ्या. मला बघून हसले. राग धरायला अंगात जोर लागतो, तो उरला नव्हता.

“डॉक्टरनं केळं बंद केलं, नारळपाणी बंद केलं,” म्हणाले. “रक्तात पोटॅशियम जास्त झालं म्हणते.” थोडं थांबले. “झिंग्यायले कमी पडलं, मले जास्त झालं. वाटणी चुकली, बापू.”

मला हसता आलं नाही. त्यांनीच माझा हात थोपटला.

ते गेले तेव्हा मी उशिरा पोचलो. माणसं पांगली होती. मी शेडकडे गेलो, भिंतीवरचं पत्रक तसंच होतं. मी ते नखानं खरवडलं, पण शितं घट्ट धरून होती. नेमकी ती ओळ निघेना.

तळ्याच्या तळाशी थोडं पाणी होतं. खाली उतरून मी बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि डोळे मिटले.

खारट लागलं. त्यात काय कमी आहे, ते जिभेला कळलं नाही.