तीन टिंबांचा पाना

आमच्या घरात जुन्या पान्यांनी भरलेली एक अख्खी भिंत आहे आणि मोरीतला नळ गेले कित्येक महिने गळतोय. या दोन गोष्टींचा संबंध बायको येईल त्या पाहुण्यासमोर जोडून दाखवते. मी कानाडोळा करतो. नट खोलणं हे माझं कामच नव्हे. मी कॉलेजात इतिहास शिकवला; मला पान्यांचा इतिहास कळतो. कुठला पाना कुठल्या देशातून आला, भागीदारांचं भांडण होऊन कंपनीचा शिक्का कधी बदलला, कुणी कुणाचा शिक्का चोरला, हे मला विचारा. विचारलं नाही तरी सांगतोच, असं बायकोचं म्हणणं.

माझा सगळ्यात लाडका म्हणजे जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात मिळालेला, लांब दांड्याचा इंग्लिश पाना. घासलेटाच्या फडक्यानं पुसत गेलो तसं कंपनीचं नाव वर आलं आणि त्याखाली तीन टिंबं. तिसरं जरा तिरकं. यावर मी फार डोकं चालवलं. ही कंपनीच्या तिसऱ्या कारखान्याची खूण, असा निष्कर्ष काढला आणि सुबक अक्षरात कार्ड लिहून पान्याखाली लावलं. तिरकं टिंब मारताना त्या गोऱ्या कामगाराचं लक्ष जेवणाच्या भोंग्याकडे असावं, अशी तळटीपही दिली. पानेवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तर कुणी हरकत घेतली नाही.

गेल्या उसाच्या हंगामात एका सकाळी जवळच्या गडमुडशिंगी गावचे एक म्हातारे मिस्त्री दारात आले. सगळं गाव त्यांना चाचा म्हणतं. तिथल्या गुऱ्हाळाचं जुनं ऑइल इंजिन बंद पडलं होतं.

"सर, नट इंग्लिश मापाचा हाय. आत्ताचा पाना नुसता सटकतोय. तुमच्याकडं लई पानं हायती म्हणं."

भिंतीवरून नजर फिरवत चाचा माझ्या लाडक्यापाशीच थांबले. तो उतरवून त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. "ह्यो दोन तास द्या की."

देववेना आणि नाही म्हणवेना. मग "इंजिन बघायला मीही येतो," म्हणालो, पाना धुतलेल्या नॅपकिनात गुंडाळला आणि चाचांना स्कूटरवर मागे बसवलं.

गुऱ्हाळावर ऊस पडून होता, माणसं खोळंबली होती. चाचांनी पाना लावून एक हिसका दिला आणि नट सुटला. सगळे वाहवा करू लागले. एवढी माणसं आयती जमलेली पाहून मला राहवेना. मी थेट इंग्लंडपासून सुरुवात केली. भागीदार, भांडण, तिसरा कारखाना. चाचा मान खाली घालून काम करत ऐकत होते. मी तिरक्या टिंबापाशी आलो तेव्हा त्यांचा हात थांबला.

"सर, ती टिंबं मी मारल्यात."

मी वाकून ती टिंबं पुन्हा बघितली.

"उद्यमनगरात उस्तादांच्या दुकानात आम्ही तिघं शिकाऊ हुतो. हत्यारं बदलू नयेत म्हणून पहिल्याचं एक टिंब, दुसऱ्याची दोन. मी तिसरा. शेवटचं ठोकताना टिंब मारायचा पंच घसरला, ह्यो बघा." त्यांनी डावा अंगठा पुढे केला. नखाखाली जुना पांढरा व्रण होता.

"मग हा गेला कसा?"

"आई वारली म्हणून गावाकडं गेलतो. यीपर्यंत दुकान मोडलं. माझी पेटी बी भंगारात गेली. लई बाजार फिरलो, सर."

एवढं बोलून त्यांनी इंजिनाचं चाक फिरवलं. इंजिन धडधडू लागलं, माणसं उसाकडे पळाली. चाचांनी पाना स्वच्छ पुसला, नॅपकिनात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला. "जपून ठिवलाय तुम्ही. बरं वाटलं."

आणि मी तो घेतला. आज सांगताना लाज वाटते, पण घेतला.

वाटेत मी स्वतःची वकिली करत होतो. मी काही चोरला नव्हता. गंजात मेला असता, मी वाचवला. गावाबाहेर पडेपर्यंत खटला जवळजवळ जिंकला होता. तेवढ्यात तो दांड्यावरून फिरलेला अंगठा आठवला. चाचांनी पाना माझ्या घरातच ओळखला होता. तरी एक शब्द न काढता स्वतःचीच वस्तू त्यांनी माझ्याकडे दोन तासांसाठी मागितली होती. मी स्कूटर वळवली.

चाचांनी उगाच नको नको केलं नाही. पाना घेतला आणि पिशवीत नीट तळाशी ठेवला. मग डोळे पुसले, पण हाताला घासलेट होतं, त्यामुळे आणखीच पाणी आलं आणि आम्ही दोघंही हसत सुटलो.

भिंतीवरचा खिळा अजून रिकामा आहे. कार्ड मात्र मी काढलेलं नाही. इंग्लंड, तिसरा कारखाना, भोंगा सगळं खोडून खाली नवी ओळ लिहिली आहे: तिसरा कारागीर, पंच घसरला. पाना कुठे आहे, असं पाहुणे हमखास विचारतात.

कामावर गेलाय, असं मी सांगतो.