दोन लेख आणि एक सही

मुकुंदवाडीत माझं टाइपसेटिंगचं दुकान होतं तेव्हाची गोष्ट. पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. गल्लीत टँकर आला की माझी गिऱ्हाईकं प्रूफं टाकून हंडे धरायला पळायची आणि मी मागून ओरडायची. मी तशी तापटच. पण त्या दिवशी टँकर आला तरी मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.

समोर बसलेल्या पोराचा पीएच.डी.चा प्रबंध होता. मुदतवाढ त्याच दिवशी संपत होती. संध्याकाळच्या आत गाईडची सही घेऊन जमा केला नाही तर नोंदणी रद्द, इतक्या वर्षांची मेहनत मातीत. सर सही करायला दुकानातच येणार होते. पोराचे वडील, आबा, मेंढपाळ. खुलताबादकडचे पाणवठे आटले म्हणून कळप घेऊन चिकलठाण्याच्या बाजूला उतरले होते. पोराला सही मिळताना बघायचं म्हणून तेही बाकड्यावर येऊन बसलेले.

शेवटची पानं चाळताना मी थांबलेच. सरांचे एकाच वर्षी दोन लेख आले होते. पहिल्यात त्यांनी लिहिलं होतं की गायरानं उजाड केली ती मेंढरांनी. मग हा पोरगा वर्षभर कळपांमागं हिंडला, पुरावे आणून दिले, आणि त्याच वर्षी दुसऱ्या लेखात सरांनी आपलं म्हणणं मागं घेतलं. एकाच लेखकाचे एकाच वर्षीचे दोन लेख असले की वर्षापुढं ‘अ’ आणि ‘ब’ लावायची पद्धत आहे. पोरानं मजकुरात ती अक्षरं हातानं टाकलेली: अ म्हणजे आधीचा, ब म्हणजे नंतरचा. पण मागच्या संदर्भसूचीत अक्षरं सॉफ्टवेअर आपणहून लावायचं, तेही शीर्षकांच्या वर्णक्रमानं. ‘गायरान’वाला नंतरचा लेख वर जाऊन ‘अ’ झाला, ‘मेंढपाळी’वाला आधीचा खाली ‘ब’. झालं! आता प्रबंध वाचणाऱ्याला वाटणार, सरांचं शेवटचं मत म्हणजे दोष मेंढरांचाच, आणि खुद्द या पोरालाही ते मान्य आहे.

“अहो ताई, हे तर सगळंच उलटं झालं!” त्याचा चेहरा पांढराफटक.

“घाबरू नको. त्या नोंदींना न छापला जाणारा एक रकाना असतो. त्यात आधीच्याला १ आणि नंतरच्याला २ असे आकडे टाकले की त्याच क्रमानं लागतं. आत्ता करते.”

तेवढ्यात सर आले. सगळं ऐकून घेतलं, सूचीवर बोट फिरवलं आणि म्हणाले, “कशाला हात लावता? आहे ते बरंय.”

“सर, पण तुमचा नंतरचा लेख…” पोरगा म्हणाला.

“एकाच वर्षातले आहेत. कोण बघतंय आधीचा कुठला? असंच राहू दे, मी लगेच सही करतो.”

मला कळेचना. मग पोराच्या तोंडाकडं बघितलं आणि आठवलं, त्यानंच मागं सांगितलं होतं: गायरानावर नवी वसाहत करायची म्हणून जी समिती बसली होती, तिच्यावर त्या लेखांनंतर सरांना घेतलं होतं. मेंढरांमुळं माळ आधीच वाया गेलाय असं छापलेलं त्यांना हवंच होतं. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला म्हणून सांगू! पण सही माझी नव्हती आणि नुकसानही माझं होणार नव्हतं. मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

“काय म्हणत्यात सर?” बाकड्यावरून आबांनी विचारलं.

 पोरगा खाली बघत म्हणाला, “मेंढरांनी माळ खाल्ला, असं राहू द्या म्हणत्यात. मग सही देत्यात.”

आबांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. “मग घे की. माळ तर गेलाच हाय. सही बी कशाला घालवतूस?”

सरांनी खिशातून पेन काढलं. पोरानं माझ्याकडं बघितलं. “ताई, आकडे टाका.”

मी लगेच कीबोर्ड पुढं ओढला. आकडे टाकले, सॉफ्टवेअर पुन्हा चालवलं, सूची सरळ झाली. प्रिंटरमधून पान बाहेर येईपर्यंत सरांनी पेन खिशात ठेवलं होतं. “बघ मग तुझं तू,” म्हणाले आणि निघून गेले.

आबा पोरावर तुटून पडले. “येडा हायेस का रं? इतकी वर्षं कशाला घातली मग? तुझ्या मायला काय सांगू मी?” पोरगा भिंतीला टेकून उभा. मी पाणी दिलं ते कुणी घेतलं नाही. ओरडून ओरडून आबा दमले, तेव्हा माझ्या टेबलापाशी आले.

“बाई, आता त्याच्यात मेंढरांचा दोष नाय ना?”

“नाय, आबा.”

“मग एक मला द्या,” ते म्हणाले. वाचता येत नव्हतं त्यांना. मी प्रबंधाची प्रत दिली तशी त्यांनी ती घोंगडीत नीट गुंडाळली, आणि पोराकडं न बघताच पायरी उतरले.