ब्रायनीचा पायपट्टा

एल्वुड गॅलंट घोडीशी बोलताना टोपी काढायचा. माणसांशी बोलताना नाही. पावाला काकवी लावली की सुरी चाटायचा, आणि बायकोने, व्हर्नाने, पाहिलंच तर खिडकीतून घोडीकडे बोट दाखवायचा. तबेल्याची कडी लावली की चार पावलं जाऊन परत यायचा, हलवून बघायचा. जिंकलेल्या शर्यतींबद्दल बोलायचा नाही. मोडलेल्या चालींबद्दल तासन्‌तास.

ब्रायनीला त्यानेच वाढवलं होतं. मालक मात्र रोलंड. हलकी दुचाकी गाडी ओढत, एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकत शर्यतीत पळणारी घोडी. लय टिकावी म्हणून तिच्या पुढच्या-मागच्या पायांना पट्टे जोडायचे. पट्ट्यांनी मांड्या सोलवटल्या, तेव्हा समरसाइडच्या शर्यतीआधी एल्वुडने ते एकेका भोकाने सैल केले.

"दया दाखवू नकोस," व्हर्ना म्हणाली.

"तुझ्याशी लग्न करताना पण सगळे हेच म्हणाले होते."

शेवटच्या वळणावर ब्रायनी सगळ्यांच्या पुढे होती. तिथेच लय तुटली आणि ती चौखूर उधळली. उधळून मिळवलेली आघाडी पंच धरत नाहीत. एल्वुडने गाडी बाहेरच्या बाजूला काढली, लगाम ओढून तिला चालीवर आणलं. तोवर बाकीचे निघून गेले होते.

"अरे म्हाताऱ्या, रेटायचीस ना तशीच!" रोलंड ओरडला.

"पंचांना डोळे आहेत, रोलंड."

"शनिवारी चाचणी आहे. तिथे पुन्हा चाल मोडली तर आमिश लोकांना विकतो. मोटारी वापरत नाहीत ते. ओढू दे बग्गी."

"पट्टा मी सैल केला. तिला कशाला बोलतोस?"

बुधवारी संध्याकाळी एल्वुड पट्टे घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसला. एक भोक काचायचं, पुढचं सैल पडायचं. दोन्हींच्या मधे तिसरं पाडायचं होतं.

"उचल तो पसारा. बटाटे निवतायत."

"अर्धं झालंय गं. पाणी दाखवून येतो तिला."

तो आला नाही. व्हर्नाला तो तबेल्याच्या दाराशी गार होऊन पडलेला सापडला. कडी नीट लागलेली होती. परत हलवून बघायला वळला असणार.

शनिवारी सकाळी रोलंड आला. टोपी हातात.

"व्हर्ना, कुठल्या भोकात लावू?"

तिने पट्टा उजेडात धरला. नव्या भोकातून पलीकडचं काही दिसेना. आरी अर्ध्यावरच रुतली होती. दुसऱ्या पट्ट्यावर नुसती खडूची खूण होती.