मर्यादा न सांगितलेला उपास

तंबाखूच्या पानावर नुसता हात फिरवून ते खुडायला आलंय की नाही, हे रायगोंडाअण्णा सांगायचे. याखेरीज त्यांच्या अंगी काही विशेष असल्याचं त्यांच्या बायकोला, राजमतीआक्कांना, कधी जाणवलं नव्हतं. आक्काच मला सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "मानूस चांगला हाय, आनिक काय लागतंय गं?"

बोरगावजवळच्या आमच्या गावाला मात्र आणखी बरंच लागत होतं.

सुरुवात एकतीस साली झाली. वेशीजवळच्या दारूच्या गुत्त्याविरुद्ध अण्णांनी आमच्या जैन बस्तीत, म्हणजे देवळात, तीन दिवस उपास केला. चौथ्या दिवशी गुत्तेदार कुलूप लावून निघून गेला. खरं तर त्याचा थोरला भाऊ वारला होता आणि त्याला घरी परतणं भागच होतं. पण हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ होता? मग शाळेसाठी पाच दिवस झाले. दोन भावकींच्या भांडणात आठ दिवस झाले. बायका तान्ही पोरं आणून अण्णांच्या पायावर घालायच्या, तेव्हा अण्णा डोळे मिटून घ्यायचे. त्यांना ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

पण पायावर पोरं घालणाऱ्यांचे डोळे मग घरातही डोकावू लागले. एकदा अण्णांनी हौसेनं निपाणीहून जरीकाठी पटका आणला. "अण्णा, तुमालाबी हौस?" असं बाजारात एकानं सहज विचारलं. पटका पेटीत गेला तो गेलाच. जत्रेत भजी खाताना दिसले, तर आठवडाभर तीच चर्चा. मोठ्यानं हसणंही त्यांनी हळूहळू सोडून दिलं.

शेचाळीस साली गुत्ता पुन्हा उघडला. बस्तीच्या मंडपात गाव जमलं. अण्णा बासष्टीचे, हिवाळ्यातल्या थंडीतापानं अंगात काही उरलं नव्हतं.

"औंदा मला झेपंल असं वाटत न्हाई," ते म्हणाले.

"असं कसं, अण्णा?" गावच्या पुढाऱ्यांतले मारुतीराव पुढं सरकले. "तुमी न्हाय तर कोन? आमची एकादशी दुपारपतूर टिकत न्हाई."

हशा पिकला. बायकांच्या रांगेत बसलेल्या आक्कांची नजर बाहेर काढून ठेवलेल्या वहाणांवर होती. त्यातले चार जोड त्यांनी आदल्याच संध्याकाळी गुत्त्यासमोर पाहिले होते.

आमच्यात देवासमोर नियम घेताना मर्यादा बोलून दाखवतात: इतके दिवस, अमुक तिथीपर्यंत. मर्यादा संपली की माणूस मोकळा. लहान पोरालाही हे ठाऊक असतं. त्या दिवशी लोक जयजयकार करत होते, कुणीतरी हार घातला, आणि अण्णा हात जोडून बोलून गेले, "गुत्ता बंद हुईपतूर अन्न वर्ज्य."

देवाला वाहायचे तांदूळ आक्कांच्या मुठीतच राहिले.

"अवो, मर्यादा बोलला न्हाईसा," त्या नंतर हळूच म्हणाल्या.

अण्णांचा चेहरा उतरला. "व्हय गं. आता गावासमोर कसं फिरवू?"

गुत्तेदारानं दुकानाबाहेर आणखी दोन बाकडी टाकली. सहाव्या दिवशी अण्णांचा आवाज बसला. नवव्या दिवशी संकेश्वराकडून बैलगाड्या दर्शनाला आल्या. तापवलेल्या पाण्याचा घोट घेताना अण्णांचा हात थरथरला की मंडपात समाधानासारखं काहीतरी पसरायचं. एक अनोळखी बाई आक्कांकडे अण्णांचं जुनं धोतर मागून गेली. "पुढं मिळायचं न्हाई," ती म्हणाली.

अकराव्या दिवशी दुपारी आक्का बस्तीमागून येत होत्या. चिंचेखाली भरमा सुतार बांबू चिरत बसला होता.

"काय करतोस रं, भरमा?"

"विमान, आक्का."

आक्का जागच्या जागी थांबल्या. अन्न सोडून देह ठेवणाऱ्या मुनींना बसवून शेवटचं नेतात, ती पालखी म्हणजे विमान.

"कुनी सांगितलं तुला?"

"कुनी असं न्हाई. समदीच म्हनत्यात. ऐनवेळी घाई नगं." त्यानं बांबू खाली ठेवला. "आक्का, अण्णा मांडी घालून बसलं की किती उंच भरत्यात?"

आक्का माघारी फिरल्या. घरी गेल्या, पेज शिजवली, आणि झाकलेलं भांडं घेऊन भर उन्हात मंडपात आल्या. भांडं अण्णांसमोर ठेवून त्या लोकांकडे वळल्या.

"गुत्ता बंद व्हायला पायजे न्हवं? मग देवासमोर या. आजपासनं तिथं पाऊल टाकनार न्हाई, असा नियम घ्या. गिऱ्हाईक न्हाई तर दुकान कशाला ऱ्हातंय? मारुतीराव, या. तुमीच पयले."

मारुतीरावांनी उपरणं सारखं केलं. कुणी खांबाकडे पाहिलं, कुणी छताकडे. मंडपात दीडशे माणूस होतं. एकही उठलं नाही. बाहेर भरमाची पटाशी तेवढी ऐकू येत होती.

अण्णा ते सगळं पाहत होते. डोळे मिटले नव्हते, बहुधा पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. मग म्हणाले, "दे गं."

पेजेचा घोट घेतला तसे लोक उठले. शिव्या कुणी दिल्या नाहीत. मुकाट्यानं आपापल्या वहाणा शोधल्या आणि गेले.

त्यानंतर अण्णांना वाटेत कुणी नमस्कार घातला नाही. विहिरीवर एकजण आक्कांना ऐकू जाईल असं बोलली, "वाटीभर पेजेत गावाचं नाव बुडालं." अर्धवट विमान कुणी मोडलं नाही. "लागंल कवातरी," म्हणून ते बस्तीच्या सोप्यात आढ्याला टांगलं. अण्णा दर्शनाला गेले की त्याखालूनच जावं लागायचं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात गुत्त्यावरून पुन्हा गाव जमलं. या खेपेला लोकांनी नव्या मास्तरांना धरलं. वय सव्वीस, बायको पहिलटकरीण. गळ्यात हार पडला. मास्तरांचे कान लाल झाले. ते देवासमोर उभे राहिले, हात जोडले.

"गुत्ता बंद होईपर्यंत..."

"मर्यादा सांगा, मास्तर!" मागच्या खांबाजवळून अण्णा ओरडले. "आधी मर्यादा सांगा!"

आवाज चिरका निघाला. पुढचे दोघे हसले. जयजयकार सुरू झाला होता. आक्का उठून बायकांमधून मास्तरांकडे वाट काढू लागल्या, पण बायकाही पोरं घेऊन पुढं सरकत होत्या.

सोप्यात भरमानं मान वर केली, आढ्याकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. आणि डाव्या हाताची वीत हवेत धरून तो अंदाज घेऊ लागला.